साखरेचं कडं आणि पाहुणा रेणू



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथं जमतो, त्यांच्या वर्गात मी आठवीला होते. एके दिवशी त्यांनी बटाट्याची चकती कापली आणि तिच्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला. पिवळट-तपकिरी थेंब बघता बघता काळानिळा झाला. ‘स्टार्च आहे’ असं लिहून आम्ही वह्या मिटत होतो, तेवढ्यात सर म्हणाले, ‘‘पण निळाच का?’’ उत्तर त्यांनी दिलं नाही. पुढं रसायनशास्त्र शिकताना ते मला मिळालं, आणि माझं सगळं कामाचं आयुष्य त्याच उत्तराच्या आसपास गेलं. म्हणून आजचं व्याख्यान तिथूनच सुरू करते.

कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तो बहुतांशी स्टार्च. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब माळा. त्यातली एक जात सरळ पसरत नाही. ती गोल जिन्यासारखी वळत जाते आणि प्रत्येक फेऱ्यात साधारण सहा ग्लुकोज बसतात. जिन्याच्या मधे जी पोकळी राहते, तिच्यात आयोडीन रांगेनं शिरतं, आणि त्या कोंडलेल्या रांगेचा रंग निळा दिसतो. म्हणजे त्या दिवशी वर्गात आम्ही एका रेणूला दुसऱ्याच्या घरात शिरताना पाहत होतो. ज्याच्या पोटात जागा असते त्या रेणूला रसायनशास्त्रात यजमान म्हणतात, आत जाऊन बसतो तो पाहुणा. दोघांमध्ये पक्का रासायनिक बंध होत नाही. पाहुणा येतो, राहतो, निघून जातो. किती वेळ राहतो आणि कधी निघतो, हा आजचा विषय आहे.

आता त्या जिन्याचा एकच फेरा कापून घेतला आणि त्याची दोन टोकं जोडून टाकली तर? माणसाच्या आधी ही करामत जिवाणूंनी केलेली आहे. फ्रान्समध्ये विलिए नावाचे संशोधक बटाट्याच्या स्टार्चवर जिवाणू वाढवत होते. १८९१ साली त्यांनी कळवलं की १,००० ग्रॅम स्टार्चमधून त्यांना सुमारे ३ ग्रॅम स्फटिक मिळाले. ते सेल्युलोजसारखे चिवट वाटले, म्हणून त्यांना ‘सेल्युलोसीन’ असं नाव दिलं. पुढं ऑस्ट्रियात फ्रांझ शार्डिंगर खाद्यपदार्थ नासवणाऱ्या, उष्णतेलाही दाद न देणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास करत होते. त्यांना तेच स्फटिक पुन्हा भेटले. १९०३ पासून त्यांनी या पदार्थांवर चिकाटीनं लिहिलं आणि त्यांचे दोन प्रकार वेगळे केले. ते ओळखायला त्यांनी काय वापरलं, तर आयोडीन! एकाचा रंग एक, दुसऱ्याचा दुसरा. सरांना हे ठाऊक असतं तर किती आनंद झाला असता.

हे पदार्थ म्हणजे ग्लुकोजची बंद कडी आहेत हे ठरायला १९३० चं दशक उजाडलं. आज त्यांना सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. सहा ग्लुकोजचं कडं अल्फा, सातांचं बीटा, आठांचं गॅमा. आकार बूड कापलेल्या कुंडीसारखा: एक तोंड रुंद, एक अरुंद. तिघांचीही खोली सारखीच, सुमारे ७.९ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. रुंदी मात्र वाढत जाते: अल्फाची पाचच्या आसपास, बीटाची सहा-साडेसहा, गॅमाची साडेसात ते सव्वाआठ. दोन्ही काठांवर पाण्याशी सलगी करणारे हायड्रॉक्सिल गट आहेत. आतली भिंत पाण्याला फारशी आवडत नाही, तेलाला आवडते. म्हणून पाण्यात न विरघळणारा एखादा तेलकट रेणू या पोकळीत शिरला, की आतलं अवघडलेलं पाणी बाहेर पडतं, पाहुण्याला आसरा मिळतो आणि दोघं मिळून पाण्यात तरंगत राहतात. पाणी आणि तेल यांच्या भांडणात हे कडं असं मध्यस्थी करतं.

एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकर आणि त्याचा पदार्थ यांना कुलूप-किल्लीची उपमा दिली. ती इतकी रुजली की बसण्याची बाब म्हणजे मापाची बाब, असंच आपण धरून चालतो. माप लागतंच. चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये जाहीर केलेल्या क्राउन ईथर नावाच्या कड्यांनी ते लख्ख दाखवलं: कड्याचं माप बदललं की लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांतला आवडता पाहुणा बदलतो. यजमान-पाहुण्यांच्या या रसायनशास्त्राला १९८७ चं नोबेल मिळालं, पेडरसन, लेन आणि क्रॅम या तिघांना. पण सायक्लोडेक्स्ट्रिननं मला शिकवलेली गोष्ट वेगळी आहे. पोकळीला हातही न लावता नुसत्या काठावर काम केलं, तरी यजमानाचा स्वभाव पालटतो. कोणाला धरायचं, किती घट्ट धरायचं आणि कधी सोडायचं, हे तिन्ही काठावर ठरवता येतं.

बीटाचं उदाहरण घ्या. औषधांच्या रेणूंना त्याचं माप बहुतेक वेळा चपखल बसतं आणि ते स्वस्तही आहे. पण १०० मिलिलिटर पाण्यात अल्फा १४.५ ग्रॅम विरघळतं, गॅमा २३.२ ग्रॅम, आणि मधलं बीटा फक्त १.८५ ग्रॅम. मधल्यालाच काय झालं? भोंडल्याचा फेर डोळ्यांसमोर आणा. बीटाच्या रुंद काठावर प्रत्येक ग्लुकोजचा एक हायड्रॉक्सिल शेजारणीच्या हायड्रॉक्सिलचा हात धरतो, आणि सातांचा फेर पुरा होतो. एकही हात मोकळा नाही, मग पाण्यानं धरायचा कोणाचा? अल्फाच्या सहांत एक जण जरा वाकडी उभी असते, फेर तुटतो. गॅमाचा फेर सैल असतो. बीटाचा तेवढा घट्ट.

मग हात सोडवायचे कसे? काही हायड्रॉक्सिलांवर मिथिल गट बसवला. मिथिल गट तेलकट. तो लावल्यावर विद्राव्यता घटायला हवी, पण ती कितीतरी पटींनी वाढली! फेर मोडला होता ना. मी हा प्रयोग पहिल्यांदा हातानं केला तेव्हा चंचुपात्रातली पांढरी गढूळता निवळून पाणी काचेसारखं झालं. ते पात्र मी खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत बसले होते. मात्र मिथिल लावलेलं कडं शिरेतून देता येत नाही. ते पेशींच्या आवरणातून कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि तांबड्या पेशी फुटतात. मूळ बीटाही शिरेतून देता येत नाही. ते मूत्रपिंडांना इजा करतं, हे १९७६ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं होतं. कोलेस्टेरॉलचं नाव लक्षात ठेवा, ते शेवटी परत येणार आहे.

उपाय सापडला तो १९८० च्या दशकात: हायड्रॉक्सिप्रोपिल गट. अल्कलीच्या द्रावणात कड्यावर प्रॉपिलीन ऑक्साइडची क्रिया करायची. एका कड्यावर या गटाच्या चार शेपट्या बसतात, दुसऱ्यावर सहा, कुठं रुंद काठावर, कुठं अरुंद. क्वचितच दोन कडी एकसारखी निघतात. संश्लेषण करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला असा सरमिसळ माल बघवत नाही. शुद्ध, एकच एक पदार्थ मिळवणं हे आमचं व्रत. पण या मालाचा सगळा गुण त्या सरमिसळीतच आहे. एकमेकांशी न जुळणारी कडी नीट रचून बसू शकत नाहीत, म्हणून त्यांचे स्फटिक होत नाहीत, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ती ५० ग्रॅमच्याही वर सहज विरघळतात. इट्राकोनॅझोल नावाचं बुरशीवरचं औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याच्या तोंडानं घ्यायच्या द्रावणात दर मिलिलिटरला औषध १० मिलिग्रॅम आणि हे सुधारलेलं कडं ४०० मिलिग्रॅम असतं. एका पाहुण्यासाठी चाळीस पट वजनाचं घर.

दुसरी सुधारणा अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातली, व्हॅलेंटिनो स्टेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. त्यांनी कड्याला ऋणभार जोडला. भार असला की पाण्यात विरघळणं आलंच. अडचण अशी की भार पोकळीच्या तोंडाशी बसवला तर तो भोवती पाणी गोळा करतो आणि पाहुणा दारातूनच परत जातो. म्हणून त्यांनी भार आणि कडं यांच्यामध्ये चार कार्बनांची दोरी घातली. भार लांब गेला, आणि मधल्या तेलकट दोरीनं उलट पोकळीच लांबवली. ऋणभारित टोकं एकमेकांना ढकलतात, त्यामुळं तोंड उघडं राहतं. याचं नाव सल्फोब्युटिल ईथर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन.

हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल, पण ते आपल्यातल्या अनेकांच्या घरी येऊन गेलेलं आहे. कोविडच्या काळातला २०२१ चा एप्रिल आठवा. पुण्यात, नागपुरात, नाशकात माणसं रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी औषधांच्या दुकानांबाहेर रात्र रात्र उभी होती. त्या औषधाचा उपयोग कोणाला आणि किती, यावर जागतिक आरोग्य संघटनेनं तेव्हा शंका घेतलेली होती. पण ज्यांचं माणूस आत श्वासासाठी झगडत होतं, त्यांच्यापुढं असले हिशेब मांडण्याचा अधिकार मला नाही. मी फक्त कुपीत काय होतं ते सांगते. पांढऱ्या भुकटीत रेमडेसिव्हिर १०० मिलिग्रॅम आणि हे सल्फोब्युटिल कडं ३ ग्रॅम. तीस पट. त्या रांगांमध्ये उभं राहून लोकांनी मिळवलेल्या भुकटीत वजनानं बहुतेक सगळं कडंच होतं, कारण त्याच्याशिवाय ते औषध शिरेत सोडण्याइतकं विरघळतच नाही.

आता कोणीही विचारील, की कड्यानं औषध धरून ठेवलं तर ते काम कसं करणार? इथं थोडं गणित सांगते. यजमान-पाहुण्याच्या पकडीचं एक माप असतं, बंधन-स्थिरांक. समजा तो १,००० आहे. अशा औषधांसाठी हा आकडा वावगा नाही. कुपीत पाणी घालून २० मिलिलिटर द्रावण केलं की कडी दाटीवाटीनं असतात, आणि हिशेब केला तर शंभरातले अठ्ठ्याण्णव पाहुणे घरात सापडतात. तेच द्रावण शरीरातल्या, पेशींबाहेरच्या सुमारे १५ लिटर पाण्यात पसरलं की कडी विरळ होतात. आता शंभरातले जेमतेम आठ घरात, बाकीचे रस्त्यावर. औषध मोकळं करण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, नुसती पातळ होण्याची क्रिया पुरते. रक्तातली प्रथिनंही त्याला ओढायला बसलेलीच असतात. म्हणजे इथं पकड ढिली असणं हा गुण आहे. जो कारागीर इथं पकड दहा हजार पट घट्ट करील, तो औषध वाया घालवील.

नेमकी तेवढी घट्ट पकड एका ठिकाणी हवी होती. ते ठिकाण म्हणजे ऑपरेशन थिएटर.

पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया करताना भूलतज्ज्ञ रोग्याचे स्नायू सैल करणारं औषध देतात. रोक्युरोनियम हे त्यातलं एक. ते दिलं की श्वासाचे स्नायूही थांबतात आणि श्वास यंत्रावर चालतो. शस्त्रक्रिया संपली की स्नायू परत जागे करायचे. यासाठी कित्येक दशकं निओस्टिग्मीन वापरलं गेलं, आजही वापरतात. ते रोक्युरोनियमला हातही लावत नाही. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना पोचवणाऱ्या असिटिलकोलीनचं विघटन ते थांबवतं, म्हणजे निरोपांचा पूर आणून अडथळ्यावर मात करतं. पण असिटिलकोलीन हृदयापाशीही असतं, त्यामुळं नाडी मंदावते, आणि ते सावरायला बरोबर आणखी एक औषध द्यावं लागतं. शिवाय स्नायू पूर्ण ढिले असताना निओस्टिग्मीन फारसं चालतच नाही.

स्कॉटलंडमधल्या न्यूहाउस इथं ऑर्गॅनॉन कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथले अँटन बॉम रोक्युरोनियमच्या जातीच्या औषधांसाठी द्रावक शोधत होते, आणि त्या ओघात सायक्लोडेक्स्ट्रिनकडं वळले. द्रावक म्हणून हातात घेतलेल्या वस्तूकडं पाहून त्यांना उलटं सुचलं: हे कडं औषध विरघळवतं तर आहेच, पण रक्तात ते औषध पकडून निकामीही करील का? स्नायूंशी, मज्जातंतूंशी, हृदयाशी काहीही न बोलता नुसतं औषध उचलून घेऊन जायचं. या कल्पनेतलं धाडस मला आजही थक्क करतं.

रोक्युरोनियमचा गाभा चार कड्यांचा, कोलेस्टेरॉलसारखा, आणि एका टोकाला धनभारित नायट्रोजन. रुंदीला गॅमाच बसणार. पण ७.९ अँगस्ट्रॉमची खोली अपुरी होती. पाहुण्याचे पाय दाराबाहेर राहत. मग काठ उंचावायचा. गॅमाच्या अरुंद तोंडावर आठ प्राथमिक हायड्रॉक्सिल आहेत, रुंद तोंडावर सोळा दुय्यम. प्राथमिक जास्त मोकळे, म्हणून फक्त त्यांच्यावर काम करता येतं. आठही काढून तिथं हॅलोजन बसवायचा, मग तो हटवून गंधकाच्या अणूनं जोडलेला एक हात लावायचा, ज्याच्या टोकाला कार्बॉक्सिल गट. हायड्रॉक्सिप्रोपिलच्या वेळची सरमिसळ इथं चालणार नव्हती. आठच्या आठ हात हवेत, सगळे एकाच काठावर. सात बसले आणि एक राहिला, तर तो वेगळा पदार्थ झाला, आणि त्याला गाळून बाहेर काढावं लागतं. चोवीस सारख्या दिसणाऱ्या गटांतून नेमके आठ निवडून ते सगळे बदलणं काय असतं, हे ज्यांनी प्रयोगशाळेत रात्री काढल्या आहेत त्यांना मी सांगायला नको.

या हातांनी पोकळीची खोली सुमारे ११ अँगस्ट्रॉमपर्यंत नेली. कार्बॉक्सिलांचे ऋणभार एकमेकांना ढकलतात, म्हणून हात आत मुडपत नाहीत, आणि पाहुणा पुरता आत गेला की त्याच्या धनभारित नायट्रोजनला ते धरून ठेवतात. पकडीचा आकडा कोटीच्या घरात गेला. बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे जाहीर केलं. औषधाचं नाव सुगामाडेक्स: ‘शुगर’मधला ‘सु’ आणि ‘गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिन’मधलं ‘गामाडेक्स’.

मघाचंच गणित लावून पाहू. सत्तर किलोच्या माणसाला किलोमागे ४ मिलिग्रॅम म्हणजे २८० मिलिग्रॅम दिलं. ते शरीरातल्या सुमारे १२ लिटर पाण्यात पसरतं. पकड १,००० ची असती, तर शंभरात एखादाच रोक्युरोनियम रेणू घरात सापडला असता. एक कोटीला शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सापडतात. रक्तातलं मोकळं औषध संपलं की स्नायूंपाशी चिकटलेलं औषध रक्ताकडं सरकू लागतं, तेही पकडलं जातं, आणि जोडी तशीच मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. एका भूलतज्ज्ञ मैत्रिणीनं मला हे थिएटरमध्ये दाखवलं. मनगटाच्या मज्जातंतूला विजेचे चार बारीक झटके देतात आणि अंगठा किती वेळा, किती जोरानं हलतो ते पाहतात. अंगठा निपचित होता. सुगामाडेक्स शिरेत गेलं. थोड्याच वेळात तो हलला, मग पुन्हा, आणि पाहता पाहता चारही ठोके एकसारखे आले. साखरेचं एक कडं ते करत होतं.

युरोपात २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेनं त्याच वर्षी ती नाकारली. अॅलर्जीच्या तीव्र प्रतिक्रियांची शंका होती. तिथली मान्यता डिसेंबर २०१५ ची. ती शंका खोटी नव्हती. अशा प्रतिक्रिया क्वचित होतात आणि भूलतज्ज्ञ त्यांच्यासाठी तयार असतात.

पकड घट्ट आहे, पण आंधळी नाही. अॅट्राक्युरियमसारखी, स्नायू सैल करणारी पण वेगळ्या बांध्याची औषधं या घरात मावत नाहीत, त्यांच्यावर सुगामाडेक्स चालत नाही. मात्र प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या संप्रेरकांचा गाभा तोच चार कड्यांचा, आणि तो थोडाफार पकडला जातो. त्यामुळं गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला सुगामाडेक्स दिलं, तर ते एक गोळी चुकल्यासारखं धरायचं असतं. हार्मोनच्या इतर साधनांसाठी पुढचे सात दिवस दुसरी काळजी घ्यायला सांगतात. हे शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक तरुण मुलीला, प्रत्येक बाईला स्वच्छ मराठीत सांगितलं गेलं पाहिजे. सभागृहात डॉक्टर बसले आहेत. त्यांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

आता कोलेस्टेरॉल. नीमन-पिक सी हा लहान मुलांना होणारा दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. पेशींच्या आतल्या कप्प्यांत कोलेस्टेरॉल अडकून पडतं आणि मेंदू हळूहळू निकामी होतो. या आजाराच्या उंदरांना एक स्टेरॉइड देऊन पाहत होते. ते विरघळावं म्हणून बरोबर हायड्रॉक्सिप्रोपिल बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन होतं. उंदीर जास्त जगले. मग कोणीतरी नुसतं द्रावक देऊन पाहिलं, तरी उंदीर जास्त जगले. औषधाकडून ज्या कामाची वाट पाहत होते, ते कडं करत होतं. मुलांवर चाचण्या झाल्या, पण अनेकांचं ऐकू येणं कमी झालं, कारण कानातल्या ज्या केसपेशी आवाज टिपतात, त्यांच्या आवरणालाही कोलेस्टेरॉल लागतं आणि हे कडं तेही नेतं.

आणि हे कडं म्हणजे एक रेणू नव्हे, ती सरमिसळ आहे. चार शेपट्यांची कडी, सहांची, आठांची. त्यातली कोणती अडकलेलं कोलेस्टेरॉल मोकळं करतात आणि कोणती कान नेतात? शेपट्या कोणत्या काठावर, किती, किती लांब लावल्या, त्यांना भार दिला की नाही, म्हणजे कडं एकाला हात लावील आणि दुसऱ्याला लावणार नाही? माझ्या प्रयोगशाळेतल्या मुली सध्या एकेक शेपटी मोजून वेगवेगळी कडी बनवताहेत. कालच एकीनं फोन करून सांगितलं, की पाच शेपट्यांचं कडं पहिल्यांदाच स्वच्छ वेगळं निघालं आहे.